एक ओळही न कापता

आमच्या घरात कोरा कागद फार काळ कोरा राहायचा नाही. वडील बोईसरच्या एका छोट्या छापखान्यात कामाला होते आणि कामगार संघटनेचं प्रत्येक पत्रक त्यांच्याच हातून निघायचं. उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी पाढे लिहिले, त्यांच्याच होड्या केल्या. शाळेत 'कमळ' नीट लिहिता येण्याआधी मला 'कंत्राटी' वाचता यायला लागलं होतं.

पत्रकाबाबत वडिलांचे दोन नियम होते. पहिला, खाली नाव हवं. ज्याच्या खाली नाव नाही ते पत्रक ते हातातही घ्यायचे नाहीत, मग मजकूर आपल्या बाजूचा का असेना. दुसरा, कापल्याशिवाय काही छापायचं नाही. कुणीही लिहून आणलं, अगदी संघटनेच्या अध्यक्षांनी, तरी वडील लाल पेन घेऊन बसायचे आणि निम्मा मजकूर उडवायचे. गेटवर माणूस चालता चालता वाचतो, त्याला थांबवायचं असेल तर कमी लिहा, असं ते म्हणायचे. मी या दोन्ही नियमांवर वाढले. ते एकमेकांच्या आड येऊ शकतात असं कधी मनातही आलं नाही.

पहिल्या नियमाला तडा गेला एका ईमेलमुळे. तारापूर एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यासमोर आमची गेटसभा ठरली होती. आदल्या दिवशी संघटनेच्या नावाने सगळ्या कामगारांना मेल गेला की सभा रद्द झाली आहे, पुढची तारीख कळवू. पाहताक्षणी आमचाच वाटावा असा पत्ता, आमचीच भाषा, आणि खाली अध्यक्षांचं नाव. दुसऱ्या दिवशी गेटवर आम्ही माईक घेऊन उभे होतो आणि ऐकायला होता फक्त चहावाला. आतले सिक्युरिटीवाले खुर्च्या बाहेर काढून आमच्याकडे बघत बसले. घरी आल्यावर चप्पल काढता काढता वडील म्हणाले, "खाली नाव आपलं होतं." त्यांचा राग खोटं बोलणाऱ्यावर होताच, पण त्याहून जास्त या गोष्टीवर होता की नाव कुणीही घालू शकतो.

म्हणून मी मेल कुलूपबंद करायला आणि मेलवर सही करायला शिकले. आमच्यात कुणाला येत नव्हतं, तेव्हा धडपडत स्वतःच शिकले आणि मग सालवडच्या संघटनेच्या खोलीत इतरांना शिकवायला लागले. मी सांगायची ते असं. प्रत्येकाच्या दोन किल्ल्या असतात. एक चारचौघांत वाटायची, दुसरी आपल्यापाशी लपवायची. माझ्या वाटलेल्या किल्लीने कुणीही मजकूर कुलपात घालू शकतो, पण तो उघडतो माझ्या लपवलेल्या किल्लीनेच, आणि त्या किल्लीलाही एक परवलीचं वाक्य लागतं. सहीचं याच्या उलट. मी लपवलेल्या किल्लीने सही करते, आणि चारचौघांत वाटलेल्या किल्लीने ती कुणीही तपासू शकतो. ही सही कागदाच्या कोपऱ्यात नसते, ती सगळ्या मजकुरावर पसरलेली असते. एक शब्द काढला, एक घातला, की संगणक सांगतो, सही खोटी.

शिकायला आलेले बरेचजण दोन रविवारांनंतर आले नाहीत. पाळ्या, ओव्हरटाइम, आणि कंटाळा. एकजण टिकला. चिंचणीच्या मच्छीमार घरातला, माझ्याहून बराच मोठा. मासळी कमी झाली तशी त्याने भावांच्या हाती बोट सोपवली आणि त्याच कारखान्यात कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागला. मी त्याला दादा म्हणायची, तो मला बाय म्हणायचा. खोलीत आला की आधी नाक वर करून वास घ्यायचा आणि सांगायचा की आज वाऱ्यावर कुठल्या कंपनीचा माल आहे. आम्ही हसायचो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

किल्ली खरंच त्याच माणसाची आहे ना, हे समोरासमोर ताडून बघावं लागतं. प्रत्येक किल्लीला आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला एक लांबलचक क्रमांक असतो. तो एकाने वाचायचा, दुसऱ्याने आपल्या फोनवर बघत हो म्हणायचं. बोईसर स्टेशनबाहेरच्या टपरीवर दादाने तो क्रमांक मासळीच्या लिलावासारखा पुकारला, तोच चढता सूर, तेच शेवटी थांबणं. शेजारच्या बाकावरच्या एका कामगाराने विचारलं, "भैया, कितने में गया?"

"बाय बोलतेय अजून वर जा," दादा म्हणाला आणि पुढचे आकडे पुकारायला लागला.

या पद्धतीत मजकूर झाकला जातो पण विषयाची ओळ उघडी राहते. कुणाचा मेल, कुणाला, कशाबद्दल, एवढं वाटेतला कुणीही वाचू शकतो. म्हणून विषयात खरं काही लिहायचं नाही असं मी सगळ्यांना बजावलं होतं. दादाने त्यावर मासळी निवडली. 'सुरमई महाग झाली.' 'जवळा संपला.' त्याचे मेल एकाखाली एक लावले तर कुणालाही वाटलं असतं मी मासे विकते. आत मात्र वेगळंच असायचं. नव्या पोरांना न शिकवता ड्रम धुवायला लावलं. मास्क फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर निघतात. वडील त्यातून एक-दोन ओळी उचलायचे, कापायचे, धार लावायचे, आणि पत्रक निघायचं. खाली नाव आमचं. दादाचं नाव कुठेच नसायचं, आणि ते तसंच असायला हवं होतं.

मग एके दिवशी आलेल्या मेलचा विषय होता, 'बोंबील वाळत घातलेत.' तो मेल मला आता पाठ आहे.

"बाय, तिसऱ्या टाकीचं तापमान चढलं की अलार्म वाजतो. तो खोटा वाजत नाय. थंड पाण्याची लाईन चोंदलेली हाय. इन्चार्जला दोनदा सांगितलं. बोलला, बॅच वाया घालवायची नाय. अशीच चालवली तर टाकी फुटेल. कंत्राटी कामगारांच्या जिवाशी मालकांचा खेळ चाललाय, संघटनेने याविरुद्ध आवाज उठवला पाहिजे. अलार्मची वायर मी काढली. इन्चार्ज बोलला काढ, पण हात माझा होता. त्याने काय माझा हात धरला नव्हता. तेव्हापासून टाकीजवळून जाताना मी तिच्याकडे बघत नाय."

खाली त्याची सही. संगणकाने हिरव्या अक्षरांत सांगितलं, खरी.

मी त्याच दिवशी कळवलं की लेखी तक्रार करूया, नाव झाकून करूया. त्याचं उत्तर आलं की कंत्राट नव्याने होणार आहे, तेवढं होऊ दे, मग मीच सांगतो.

बोईसरला स्फोटाचा आवाज आला की माणसं आधी दिशा ठरवतात, मग फोन लावतात. त्या सकाळी मी दिशा ठरवली आणि फोन लावला. रिंग वाजत राहिली. फोन गेटवर जमा करावे लागतात, त्यामुळे तो शाबूत होता आणि दादा नव्हता. फोन नंतर वहिनीला मिळाला. टाकीजवळ असलेल्या इतरांपैकी काही वाचले, पण टाकीच्या तोंडाशी तो एकटाच होता.

कंपनीने पत्रक काढलं. हो, त्यांनीही पत्रकच काढलं, चांगल्या जाड कागदावर. ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे दुर्दैवी घटना घडली, कंपनी कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहे. चौकशी सुरू झाली आणि जे ते म्हणतील तेच तिच्यात लिहिलं जाणार हे उघड दिसत होतं. मेलेला माणूस उत्तर देत नाही. पण या माणसाने आधीच उत्तर लिहून, सही करून ठेवलं होतं. मी सगळीकडे सांगत सुटले की आमच्याकडे पुरावा आहे. कंपनीच्या वकिलाने तो न बघताच सांगितलं की असले मेल कुणीही बसून टाइप करू शकतो, मेलेल्याच्या नावावर तर हमखास.

पालघरला चौकशी अधिकाऱ्यांकडे मी त्या मेलचा फक्त उल्लेख असलेला अर्ज घेऊन गेले. त्यांनी विचारलं, सही डिजिटल आहे म्हणजे कशी? मी समजावून सांगायला लागले तसे ते खूश झाले. "आमचीपण डिजिटल सही आहे," ते म्हणाले आणि कारकुनाला ती दाखवायला सांगितली. कारकुनाने ड्रॉवरमधून एक डोंगल काढलं, त्यावर मार्करने साहेबांचं पद लिहिलेलं होतं. सही तोच करतो, साहेबांना वेळ कुठे असतो, असं त्याने आपणहून सांगितलं. साहेबांना त्यात काही गैर वाटलं नाही. मेल पेन ड्राइव्हवर आणा, प्रिंटही जोडा, आमचा तांत्रिक माणूस तपासेल, असं ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता. त्यांच्या टेबलावर दादाची फाइल होती आणि तिच्यावर चहाचा कप होता.

घरी आले तर वडिलांनी मेलची प्रिंट समोर घेतली होती. लाल पेन उघडं होतं. शेवटच्या चार ओळींभोवती त्यांनी कंस केला होता.

"हे काढ," ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. स्फोटात सगळं जळून गेलं होतं. वायर आधी काढलेली होती की नंतर जळाली, हे त्या सांगाड्यावरून कुणाला कळणार नव्हतं. इन्चार्जला माहीत होतं, तो स्वतःची मान वाचवायला गप्प बसणार होता. कंपनीकडे हलगर्जीपणाचा शब्द होता, पुरावा नव्हता. तो पुरावा आपण आपल्या हाताने नेऊन द्यायचा? वडिलांनी आयुष्यभर हेच केलं होतं. शत्रूच्या कामी येईल ती ओळ पत्रकात ठेवायची नाही. यात खोटं काही नसतं, फक्त निवड असते.

मी म्हटलं, कापलं तर सही तुटेल. त्यांना ते नुसतं ऐकून पटेना, म्हणून मी संगणकावर त्या मेलची प्रत काढली, शेवटच्या ओळी पुसल्या आणि तपासायला लावलं. लाल अक्षरं आली. सही जुळत नाही. पुसलेल्या ओळी परत जशाच्या तशा घातल्या. हिरवी. वडिलांनी मला ते पुन्हा करायला लावलं.

मी त्यांना त्यांचाच नियम ऐकवला. खाली नाव हवं म्हणता ना, मग हे नाव वरच्या सगळ्या मजकुराचं आहे, अर्ध्याचं नाही. मी आवाज चढवूनच बोलले असणार, कारण आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली.

वडिलांनी आवाज चढवला नाही. "पत्रकाखाली नाव माझं असायचं," ते म्हणाले. "पोलीस आले तर माझ्याकडे यायचे. हे नाव त्याचं आहे. त्याच्या नावावर डाग लावायचा हक्क तुला कुणी दिला?"

मला सही शाबूत ठेवायची होती, त्यांना माणूस शाबूत ठेवायचा होता, आणि दोघांपैकी कुणाचाही तो माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शेअर रिक्षाने चिंचणीला गेलो.

वहिनी अंगणात बोंबील उलटत होती. दोऱ्यांवर जोड्या लावून टांगलेले, अर्धे सुकलेले. तिने आम्हाला बसायला खाट दिली आणि स्वतः काम थांबवलं नाही. दादाचा फोन ओट्यावर चार्जिंगला होता. ती तो रोज चार्ज करत होती. मेलचं कुलूप परवलीचं वाक्य मागायचं आणि ते तिला माहीत नव्हतं. मुलांची नावं घालून बघितली, बोटीचं बघितलं, माझं पण बघितलं, ती म्हणाली. मग म्हणाली, "माझ्या नावाने उघडेल असं वाटलं होतं. नाय उघडलं." माझ्या शिकवणीप्रमाणे त्याने ते कुणालाही न सांगता निवडलं होतं. आता ते कुलूप कायमचं बंद होतं. त्या फोनवरून दादाची सही पुन्हा कुणालाही करता येणार नव्हती, आम्हालाही नाही.

वडिलांनी तिला सगळं नीट सांगितलं. मला वाटलं होतं ते आपल्या बाजूने झुकवतील. त्यांनी झुकवलं नाही. अख्खा मेल दिला तर कंपनी त्या ओळी धरून बसेल, अहवालात दादाच्या नावावर चूक लागेल. कापून दिला तर सही तुटेल, मग ते म्हणतील खोटा आहे, पण निदान ती ओळ त्यांच्या हाती लागणार नाही. तू सांगशील तसं करू, ते म्हणाले.

"वाचून दाखव," वहिनी मला म्हणाली.

मी वाचायला लागले. विषयाची ओळ वाचली तेव्हा ती हसली, मान हलवली. पुढे टाकीचं, अलार्मचं, पाण्याच्या लाईनचं ऐकताना ती बोंबील उलटतच होती. संघटनेने आवाज उठवला पाहिजे इथे पण उलटतच होती. मग मी वायरचं वाचलं. तिचे हात थांबले.

"परत वाच."

मी परत वाचलं. ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली. तेव्हा काही दिवस तो नीट जेवत नव्हता. ती म्हणायची, पोट बिघडलं काय, डॉक्टरकडे जा. काय नाय बोलायचा. तिला वाटलं होतं दुसरंच काहीतरी आहे, बाईबिईचं. तिने त्यावरून त्याला टोमणे मारले होते, जेवताना, मुलांसमोर. तेही तो ऐकून घ्यायचा.

"हे कापायचं बोलताय तुमी?" तिने वडिलांना विचारलं.

वडील म्हणाले, त्याच्या भल्यासाठी.

"वरचं सगळं तुमच्यासारखं हाय, काका. मालक, कामगार, आवाज उठवा. ते तुमच्या कागदात रोज असतं. हा एवढा तुकडा त्याचा हाय." तिने दोरीवरचा एक बोंबील सरळ केला. "तेवढाच कापून मला काय देता? राहू दे ते."

निघताना वडिलांनी तिच्या मोठ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग लगेच काढून घेतला.

आम्ही अख्खा मेल दिला. वरचं कुलूप काढून, सही तशीच ठेवून. तांत्रिक माणसाने तपासलं, त्याची किल्ली, त्याची सही, मजकुरात फरक नाही, असं लिहून दिलं. जो वकील म्हणत होता मेल कुणीही टाइप करेल, त्याने सहीबद्दल एक चकार शब्द काढला नाही. उलट तो म्हणाला, आमचा या सहीला काही आक्षेप नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं असं म्हणणार नाही. मला कळलंच होतं.

अहवाल आला. मयताने स्वतःच्या स्वाक्षरीनिशी केलेल्या कबुलीनुसार सुरक्षा अलार्मची जोडणी मयतानेच काढलेली असल्याचे सिद्ध होते. इन्चार्जच्या आदेशाबाबत मयताच्या विधानाखेरीज पुरावा उपलब्ध नाही. थंड पाण्याच्या लाईनचा उल्लेख नव्हता. एकाच सहीखालच्या एकाच मजकुरातली एक ओळ खरी आणि तिच्या लगतची ओळ नुसतं विधान. इन्चार्ज त्या वेळेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात लागलाही होता.

मी चिंचणीला जाऊन वहिनीला अहवाल वाचून दाखवला. ही माझीच जबाबदारी होती. तिने विचारलं, त्याची ओळ हाय ना त्यात? मी म्हटलं, आहे. इन्चार्जची? नाही. पाण्याच्या पायपाची? नाही.

"म्हणजे त्यांनी कापलं," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती मला दोष देईल. तिने फोन चार्जरवरून काढला, पदराने पुसला आणि कपाटात ठेवून दिला.

त्या आठवड्यात वडिलांनी पत्रक जुळवलं. लाल पेन काढलंच नाही. दादाचा अख्खा मेल, त्याच्या शब्दांत, हाय आणि नाय सकट, आणि खाली अहवालातला तो परिच्छेद. मला समोर बसवून त्यांनी छापलेल्या प्रुफातला शब्द अन् शब्द संगणकावरच्या मेलशी ताडून घेतला, ते मोठ्याने वाचत होते आणि मी हो म्हणत होते. मथळा काय द्यायचा यावर ते नेहमी तासन् तास घालवायचे. या वेळी त्यांनी मेलचा विषयच वर टाकला.

गेटवर पत्रक हातात घेऊन एका कामगाराने विचारलं, "इसमें मछली का क्या है?" मी म्हटलं, पढ़ लो. तो चालता चालता वाचायला लागला आणि सिक्युरिटीच्या खुर्चीपाशी जाऊन थांबला. त्याच्या मागून येणारा त्याला धडकला, शिवी दिली, मग तोही खांद्यावरून वाचायला लागला. पुढे त्यांनी काय केलं हे मला माहीत नाही. भोंगा झाला आणि ते आत गेले. आत टाक्या चालू होत्या.

दादाची सही कागदावर उतरत नाही. छापली तर निरर्थक अक्षरांचा ठोकळा दिसतो, कुणी तपासू शकत नाही. म्हणून पत्रकाच्या तळाशी, त्याच्या नावाखाली, वडिलांनी स्वतःचं नाव घातलं आणि मला विचारून माझं.